पातेल्याची कल्हई

७ जून १९४३

आला एकदाचा!

सुरतेकडच्या पॅसेंजरने आला. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, एक छत्री. मी स्टेशनवर गेलो नाही. का जावं? त्याचं वय एकतीस, मला त्रेचाळीस पुरी झाली. डॉ. अनीस जहीर, मँचेस्टरची डॉक्टरेट — आणि आमचे केमिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर! हे केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे काय ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. धड केमिस्ट्री नाही, धड इंजिनिअरिंग नाही.

मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून गेल्या वर्षी एप्रिलात युनिव्हर्सिटीने आमच्या खात्याची तेलशाखा उचलून इथे नंदुरबारला आणली, उत्तमचंद शेठच्या कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये. बॉम्ब काही पडला नाही. बाकीचं खातं मजेत मुंबईत आहे. आम्ही इथे, सरकीच्या जुन्या वासात. काचेचं सगळं सामान पेंढ्यात बांधून एकही नळी न फोडता आणलं कोणी? मी. बायकोला माहेरी पुण्याला ठेवून इथे एकटा राहिला कोण? मी. तेव्हा डिमॉन्स्ट्रेटर खांबेटे हवे होते. प्रोफेसरची जागा निघाली तेव्हा खांबेट्यांचा अर्ज कुणी उघडूनसुद्धा पाहिला नसेल.

एकच आशा आहे. पहिले सहा महिने तो परीक्षेवर. कायम करायचं की नाही ते रजिस्ट्रार डिसेंबरात ठरवणार. नाही केलं तर जागा माझी — हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय. तोंडी, पण सांगितलंय.

८ जून

खुर्चीवरची माझी उशी घरी घेऊन आलो. खुर्ची आता त्याची. बसू दे लाकडावर.

१४ जून

आज पहिली ठिणगी पडली.

आमचं मोठं तांब्याचं पातेलं. त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल तापवायचं, कॉस्टिकचं पाणी घालून घाण खाली बसवायची, मग धुऊन, सुकवून स्वच्छ तेल वर काढायचं. माणूस आत उभा राहील एवढं पातेलं. लढाईच्या दिवसांत दुसरं मिळणं शक्य नाही. गेली पाच वर्षं मी ते आतून-बाहेरून असं ठेवलंय की वाकून पाहिलं तर चेहरा दिसावा. प्रत्येक वेळी चिंच आणि राख! इथे ते काम रेवाबाई करते, आमची झाडलोट करणारी बाई. तिला पहिल्या दिवशी बजावलं होतं — माझ्या आईच्या देवघरातलं ताम्हन असायचं तसं मला पातेलं दिसलं पाहिजे. बाई चांगली घासते. देवघरात ठेवावं असं दिसतं.

हा आला, वाकला, आत बोट फिरवलं. म्हणतो, "खांबेटेसाहेब, ह्याला कल्हई शेवटची कधी केली होती?"

मी म्हटलं, "ही लॅबोरेटरी आहे, खाणावळ नाही."

हसला! म्हणाला, "तांब्यामुळे तेल लवकर खवट होतं." मला शिकवतो! तांब्याचा दोष म्हणजे त्याच्यावर चढणारा हिरवा गंज, एवढं मला कळतं. आमच्या पातेल्यावर पाच वर्षांत गंजाचा ठिपका नाही. तेल सहा आठवड्यांत खवट होतं ते खानदेशच्या शेंगदाण्यामुळे. इथल्या शेंगेतच दोष आहे. दोन पेपर छापून आलेत माझे यावर. मुंबईचे व्यापारी ते दाखवून इकडच्या मालाचा भाव पाडतात म्हणे — उत्तमचंद शेठ दर आठवड्याला मला ते ऐकवतात. त्याला मी काय करणार? शास्त्र म्हणजे शास्त्र.

१९ जून

आज पोटभर हसलो. कित्येक दिवसांनी.

उत्तमचंद शेठ आवार बघायला आले होते. मारवाडी माणूस, पण चार पिढ्या इथे काढल्यामुळे अहिराणी अशी बोलतात की ऐकत राहावं. प्रोफेसरसाहेबांना पाहिलं आणि थबकले. मग त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हाऊ ते आपला जहीर कल्हईवालाना अनीस शे! मन्हा घरनी भांडास्ले कल्हई करतांना हाऊच भाता मारत व्हता."

कल्हईवाल्याचा मुलगा! गल्लीतून "कल्हईऽऽ" ओरडत हिंडणाऱ्याचा! आणि स्वारीने लपवलं नाही की लाजला नाही. म्हणाला, "शेठ, तुमच्या घरची बासुंदी अजून आठवते."

म्हणून हो कल्हई, कल्हई! मँचेस्टरला जाऊन आला, तरी भात्यापासून काही सुटला नाही.

२५ जून

तो रेवाबाईशी अहिराणीत बोलतो. माझ्यादेखत. दोघं हसतात. मला अर्धं कळतं, अर्धं नाही.

परवा तिला सांगत होता, "रेवामाय, पातेलं आतून घासू नको." तिने येऊन मला विचारलं, "साहेब, आते कोनं आयकू?"

मी म्हटलं, "माझं." तरीही तिने आतून घासलं नाही. दोन दिवस बाहेरूनच घासते आहे!

५ जुलै

हे लिहिताना अजून कानशिलं तापलेली आहेत.

सकाळी आवारात खड्डा खणून भाता मांडलेला. त्याचा बाप, जहीरमिया. साठीचा, काटकुळा, दाढी मेंदीने लाल. बाप एक वेळ समजू शकतो. पण आमच्या प्रोफेसरांनी कोट काढून खुंटीला टांगला, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि स्वतः पातेल्यात उतरले! आत वाळू आणि खाली पोतं. भिंतीला टांगलेला दोर धरून कंबर इकडून तिकडे, इकडून तिकडे. पायांनी भांडं घासण्याची ह्या लोकांची ही जुनी पद्धत म्हणे. रस्त्यावरची पोरंसोरं, बाया फाटकाशी उभ्या. युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर पातेल्यात नाचतायत!

मग भट्टी. तापलेल्या पातेल्यात नवसागराची भुकटी टाकली, पांढरा धूर उठला, शेठसुद्धा खोकत बाहेर गेले. कथील टेकवलं आणि बापाने कापसाच्या बोळ्याने ते फिरवलं. दोन-चार हात मारले की तांबडं पातेलं चांदीसारखं. हे मात्र बघण्यासारखं होतं, खोटं का बोलू.

काम संपल्यावर जहीरमिया मला म्हणाला, "साहेब, आते हाई कल्हई जपजा. जपाननी मलाया लिई लिधं, तव्हयपाईन कथील येत नही. हाई शेवटली कांडी व्हती. सलीमाना लगीनना भांडासाठे ठेयेल व्हती."

सलीमा म्हणजे त्याची मुलगी, प्रोफेसरची धाकटी बहीण. मी कुठे मागितली होती कांडी?

६ जुलै

रजिस्ट्रारांना पत्र. तीन पानं. पातेल्यातला नाच, आवारात बापाचा धंदा, सगळं लिहिलं. शेवटी असंही लिहिलं की माझं पाच वर्षांचं संशोधन खरं असेल तर हे तेलही सहा आठवड्यांत खवट होईल, आणि मग ह्या गृहस्थांची योग्यता वेगळी सांगायला नको.

अक्षर छान आलं. दोनदा वाचून टाकलं पोस्टात.

१० जुलै

कल्हईच्या पातेल्यातली पहिली बॅच आज झाली. बारा बाटल्या. खिडकीशेजारच्या फळीवर मांडल्या, माझ्या जुन्या बाटल्यांना लागून. चिठ्ठ्या त्याने लिहिल्या. अक्षर भिकार.

त्यानेही रजिस्ट्रारांना पत्र घातलं आहे. मला वाचून दाखवलं! तेल डिसेंबरपर्यंत टिकलं नाही तर मला कायम करू नका, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. म्हणजे मूर्खच आहे. माझं काम आणखी सोपं झालं.

२२ ऑगस्ट

सहा आठवडे झाले. बाटली उघडली. वास घेतला.

गोड आहे.

२३ ऑगस्ट

काल सर्दी असेल. आज पुन्हा उघडली.

गोडच आहे.

२६ ऑगस्ट

रजिस्ट्रारांना दुसरं पत्र. एका बॅचवरून काही सिद्ध होत नाही. एकदा जमलं तो योगायोगही असू शकतो. तेव्हा दुसरी बॅच करावी, साक्षीदारासमोर लाखेची मोहर लावून बाटल्या बंद कराव्यात, आणि डिसेंबरात त्यांच्या माणसाने येऊन उघडाव्यात. शास्त्राला धरूनच लिहिलंय. कुणी बोट ठेवू शकणार नाही.

पण मनाला स्वस्थता नाही.

१८ सप्टेंबर

दहा आठवडे. शेठ एक बाटली मागून घेऊन गेले होते. संध्याकाळी त्यांच्या घरून ताटात झाकून मिरचीची भजी आली, त्या तेलात तळलेली. सोबत निरोप — "मास्तर, हाई मन्हा गावनं तेल शे."

प्रोफेसर भजी खात म्हणाला, "शेठना सांगा, आता भाव कोण पाडतो बघू."

मला भजी गिळवली नाहीत. चांगली झाली होती. खरंच चांगली झाली होती.

२१ सप्टेंबर

आज सुट्टी. लॅबमध्ये कुणी नव्हतं. जे चार दिवसांपासून मनात होतं ते केलं.

माझ्या जुन्या बाटल्या घेतल्या. गेल्या वर्षीच्या. आठ बाटल्यांचं तेल थोडं थोडं करून जाळलं. राख काढली, अ‍ॅसिडमध्ये विरघळवली, अमोनिया घातला. हा प्रयोग मी बी.एस्सी.च्या पोरांना दर वर्षी करून दाखवतो. निळा रंग आला तर तांबं.

निळा आला. फिकट, पण निळा. नळी खिडकीत धरली, पाठीमागे पांढरा कागद धरला. निळाच.

म्हणजे शेंगेत काही नव्हतं. पाच वर्षं मीच तेलात तांबं घालत होतो. जितकं जास्त घासत होतो तितकं जास्त. मुंबईला पातेलं विकत घेतलं तेव्हा त्याला आतून कल्हई होती — आता आठवतंय, पांढरं होतं. पहिल्या आठवड्यातच मी ती घासून काढायला लावली. म्हटलं, हे मळकट काय दिसतंय आत!

दोन पेपर. इकडच्या मालाचा पडलेला भाव. आणि उद्या हे कळलं की खांबेट्यांचं सगळ्या खात्यात हसं होईल.

नळी धुऊन ठेवली.

२ ऑक्टोबर

रजिस्ट्रारांचं उत्तर आलं. माझी सूचना मान्य. दिवाळीनंतर दुसरी बॅच, उत्तमचंद शेठ साक्षीदार, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा माणूस येणार. कायम करण्याचा निकाल ह्याच बॅचवर.

आता मला ती बॅच नको आहे. आणि मागितली मीच.

१२ ऑक्टोबर

आज तो म्हणाला, "खांबेटेसाहेब, दुसरी बॅच तुम्ही करा. मी मध्ये नको. तुमच्या हातची असली म्हणजे कुणी शंका घेणार नाही."

मी विचारलं, "मी केली नि बिघडली तर?"

"तुमच्या हातून बॅच बिघडत नाही," तो म्हणाला. "तुमच्याइतकं नीटनेटकं काम मी मँचेस्टरलाही पाहिलं नाही."

मनापासून म्हणाला. त्याचाच राग आला. वाईट वागला असता तर सोपं झालं असतं. तो दिवाळीत मुंबईला जातोय, खात्याच्या कामासाठी. चार नोव्हेंबरला परत.

१९ ऑक्टोबर

पुण्याहून पत्र. बायको विचारते, "प्रोफेसरीचं काही कळलं का? इथे सगळे विचारतात." तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय!

२८ ऑक्टोबर

दिवाळी. गावात घराघरातून भांडी घासल्याचा आवाज. ओट्यांवर तांब्या-पितळेचे ढीग.

रेवाबाई धानोऱ्याला लेकीकडे गेली आहे. जिनिंगचं फाटक मी आतून लावलं. भर दुपार. बाजारातून चिंच आणली होती. राख चुलीतली. वाळू आवारातली.

दीड तास लागला. कथील सहज सुटत नाही. आधी करडं होतं, मग चट्ट्याचट्ट्यांनी निघतं, मग खालून तांबडं दिसायला लागतं. हाताची कातडी सोलवटली. मधेच एकदा थांबलो. अजून निम्मं शिल्लक होतं तेव्हा. थांबता आलं असतं. पण थांबलो नाही.

आता चेहरा दिसतो. मी वाकून बघितला नाही.

१ नोव्हेंबर

बॅच केली. अगदी नेमाने, पुस्तकाप्रमाणे, एक अंश इकडे-तिकडे नाही. शेठ साक्षीला खुर्ची टाकून बसले होते. पातेल्यात तेल भरलेलं, बाहेरूनच बघून म्हणाले, "वा मास्तर! दिवाईनी घसाई चांगली करी शे." त्यांना काय कळणार त्यात!

सहा बाटल्या. लाखेवर शेठचा शिक्का, माझा शिक्का. कपाटाला कुलूप.

४ नोव्हेंबर

तो परत आला. ट्रंकसुद्धा खाली ठेवली नाही, आधी पातेल्याकडे.

मी टेबलाशी लिहीत होतो. म्हणजे लिहितोय असं दाखवत होतो. तो बराच वेळ पातेल्यापाशी उभा होता. तळहात आतून फिरवत होता, आंधळा फिरवतो तसा. रेवाबाई केरसुणी टाकून धावत आली. तिनेही पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. म्हणाली, "भाऊ, मन्हाच हात गया व्हई. धानोराले जावाना आगोदर सकायमा घासं व्हतं. सवय शे ना. आतून घासं का नही, माले याद नही. मन्हाच हात गया व्हई."

खरंच तिला तसं वाटत होतं. रडायला लागली. मी मान वर केली नाही.

तो तिला म्हणाला, "नही, रेवामाय. हाऊ तुन्हा हात नही. तू गोल घासस, हाई आडवं घासेल शे."

मग माझ्याजवळ आला. माझे हात टेबलावर होते. बोटांच्या पेरांवर चिंध्या बांधलेल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या. एवढंच विचारलं, "बॅच कधी झाली?"

"एक तारखेला."

"बरं," म्हणाला आणि ट्रंक घेऊन बापाच्या घरी गेला.

५ नोव्हेंबर

आज लिहील रजिस्ट्रारांना. लिहिणारच. मी असतो तर रात्रीच लिहिलं असतं.

२० नोव्हेंबर

अजून काही नाही. माझ्याशी नीट बोलतो. कामापुरतं. "खांबेटेसाहेब, तराजू मोकळा आहे का?" हे त्याचं सभ्य बोलणं मला सहन होत नाही. आरडाओरडा तरी कर, म्हणजे मला उलटून बोलता येईल!

१३ डिसेंबर

रजिस्ट्रारांचा माणूस आला. सुटाबुटातला, कालच सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार बघून आलेला, त्यामुळे खुशीत. शेठसमोर लाख फोडली. पहिली बाटली नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

सहाच्या सहा खवट.

त्याने विचारलं, पहिली बॅच चांगली, दुसरी अशी का? प्रोफेसर म्हणाला, "मधल्या काळात पातेल्याची कल्हई गेली."

"कुणी काढली?"

रेवाबाई दाराशी उभी होती. पदर तोंडात. पुढे यायला निघालीच होती. त्याने तिच्याकडे न बघता हात आडवा केला. म्हणाला, "पातेलं माझ्या ताब्यात होतं. जबाबदारी माझी."

"मग पुन्हा कल्हई करून तिसरी बॅच करा."

"कथील नाही. जिल्ह्यात कुठेही नाही."

माणसाने वहीत लिहून घेतलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बाहेर मिरच्या वाळत घातल्या होत्या. सगळ्यांनाच खोकला येत होता, मलाही.

१६ डिसेंबर

तो आज गेला. कानपूरकडे कुठल्याशा साबणाच्या कारखान्यात जागा मिळाली म्हणतात.

या वेळी मी स्टेशनवर गेलो. का गेलो माहीत नाही. जहीरमिया बाकावर बसलेला, हातात भाकरीचं फडकं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

गाडी हलायच्या आधी प्रोफेसर खिडकीतून मला म्हणाला, "मी नाव घेतलं असतं तर तुम्ही नाकारलं असतं. आणि बाई तर आधीच कबूल होऊन बसली होती. तुम्हा दोघांपैकी काम कुणाचं गेलं असतं, हे तुम्हाला माहीत आहे." थोडं थांबून म्हणाला, "तिला कामावर ठेवा. तुमच्यासाठी मी काही केलेलं नाही, खांबेटे."

साहेब म्हणाला नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

२३ डिसेंबर

हुकूम आला. हंगामी प्रोफेसर — न. वि. खांबेटे. बायकोला तार केली.

सोबत दुसरा कागद. फेब्रुवारीअखेर पहिल्या बॅचसारखं न बिघडणारं तेल दोनशे शेर, लष्करी इस्पितळांसाठी. "आपल्या दीर्घ अनुभवाचा विचार करता हे सहज शक्य व्हावे."

२८ डिसेंबर

पातेलं गाडीत घालून जहीरमियाकडे गेलो. दुसरा रस्ता नव्हता.

ओट्यावर बसला होता. भाता भिंतीला लावून ठेवलेला, विझलेला. पातेल्याकडे पाहिलं. हात लावला नाही.

"कथील नही, साहेब. लढाई सरी, तव्हय या."

मी म्हटलं, थोडं तरी, कुठून तरी बघा. त्याने घरात हाक मारली. सलीमा बाहेर आली. हातात नवं पातेलं, नवी परात — कोरं तांबं, आतून तांबडं. तिच्या लग्नाची भांडी. पुढच्या महिन्यात लग्न आहे.

"हाई अशीच जाई ऱ्हायनी सासरी," म्हातारा म्हणाला. "आते सांगा, कोठून देऊ?"

पातेलं परत आणलं. सलीमाने जाताना पाणी विचारलं होतं. नको म्हटलं.

३ जानेवारी १९४४

खुर्चीवर उशी परत घातली. रेवाबाईला हाक मारली. म्हटलं, उद्या बॅच आहे, पातेलं घासून ठेव.

ती गेली आणि चिंचेचा गोळा आणि राखेची वाटी घेऊन आली. माझ्या टेबलावर ठेवली, हुकमाच्या कागदावरच.

"आते तुम्हीच घासा, साहेब," म्हणाली. "तुम्हले चांगलं जमस."